पंचेचाळिसावं बटण

रविवारी सकाळी सोसायटीची सभा संपवून बाई तिसऱ्या मजल्यावर आल्या, तेव्हा त्यांना फक्त वाईट वाटत होतं. जेवणानंतर त्यांनी चष्म्याचं घर काढायला पर्स उघडली आणि तेव्हापासून त्यांचं डोकं जे गरगरायला लागलं, ते पुढचे सात दिवस थांबलं नाही.

पर्सच्या तळाशी तीन बटणं होती. दोन गोल, एक चौकोनी.

बटणांनी कुणाचं डोकं फिरतं का, असं वाटणं साहजिक आहे. पण बाईंचं सगळं आयुष्यच बटणांवर चाललेलं, त्याला कोण काय करणार? अडतीस वर्षं त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली चाळीस पानं. बाकीचे शिक्षक ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावतपळत उरकत. बाईंनी त्या चाळीस पानांवर हयात काढली. वर्गाने काहीही ठरवायचं असलं, अगदी खिडकी उघडी की बंद इथपासून सहल कुठे इथपर्यंत, तर मतदान. मुलांना घेऊन त्या बसथांब्याचं बाक रंगवायच्या, नगरपालिकेत अर्ज कसा लिहायचा आणि पोच मागताना आवाज कसा ठेवायचा तेही शिकवायच्या. चाकाच्या खुर्चीतल्या एका मुलाला रोज चौघं उचलून माडीवर आणायची. बाईंनी वर्गाला विचारलं, याला वर न्यायचं की वर्गच खाली आणायचा? वर्ग खाली आला. मुख्याध्यापक पंधरा दिवस बाईंशी बोलत नव्हते. बाईंचं त्यावाचून काही अडलं नाही.

मग सहावीत एक न दिसणारी मुलगी आली. ती उठावदार ठिपक्यांवर बोट फिरवून वाचायची, म्हणून मुलांनी तिचं नाव टिंब ठेवलं, आणि तिनेही ते जन्मापासूनचं असल्यासारखं घेतलं. पहिल्याच मतदानात टिंबला आपलं मत शेजारणीकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं लागलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते साऱ्या शाळेला कळलं. बाईंना दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याकडून पिशवीभर बटणं आणली. गोल म्हणजे हो, चौकोनी म्हणजे नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला त्यांनी जुन्या कोटाची बाही शिवली. दोन्ही बटणं मुठीत घ्यायची, हात बाहीत घालायचा, चाचपून एक डब्यात सोडायचं आणि दुसरं मुठीतच बाहेर आणून खिशात टाकायचं. बघायचं कुणीच नाही, दिसणाऱ्यानेही नाही. उरलेलं बटण घरी न्यायचं, कुणाला दाखवायचं नाही, सवडीने परत आणायचं. टिंब इतरांइतकीच मतदार झाली. फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी वर्षानुवर्षं एकच ओळ पुसू दिली नाही: ज्याला जमत नाही, त्याचा हात पहिला.

हा डबा बाईंबरोबर निवृत्त झाला आणि सोसायटीच्या सभेत कामाला लागला. सोसायटीची घरं पंचेचाळीस, घरटी एक मत. सेक्रेटरी बाईंचाच विद्यार्थी, केस पांढरे झालेला, तरी बाईंसमोर अजून पाठीमागे हात बांधून उभा राहणारा. आणि दुसऱ्या मजल्यावर टिंब. पन्नाशी उलटलेली, इस्पितळात तीस वर्षं फोन जोडून निवृत्त झालेली.

रविवारचा प्रश्न तळमजल्याच्या रिकाम्या खोलीचा होता. टिंब दुपारचा एक वर्ग चालवत असे. त्यात नऊ मोठी माणसं होती: कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, दोघं चाकाच्या खुर्चीत, एकाला सगळं समजतं पण जरा उशिराने. ती सगळी मिळून वेताच्या खुर्च्या विणायची. वाचनालयामागच्या ज्या शेडमध्ये वर्ग भरे, ती महिनाअखेरीस पाडणार होते. सोसायटीची खोली मिळाली नाही, तर नऊ जण आपापल्या घरी, आपापल्या खिडकीशी. दुसरीकडे सेक्रेटरीला आणि बऱ्याच जणांना त्या खोलीत व्यायामाची यंत्रं हवी होती. त्यातही काही वाईट नव्हतं. बाईंनी स्वतः बाही धरून मतदान घेतलं. सुरुवातीला नेहमीप्रमाणे तीनदा विचारलं, "कुणाला काही अडचण? कुणाला काही मदत?" चौफेर पाहिलं. कुणाचाच हात वर नव्हता.

वर्गाला खोली द्यायची? हो बावीस. नाही तेवीस.

आणि आता पर्समध्ये ही तीन बटणं. लोकांना दाखवायला बाईंनी नमुन्याची एक जोडी नेली होती, एक गोल आणि एक चौकोनी. ती जोडी वजा केली तर उरतं गोल. गोल उरलं, म्हणजे डब्यात पडलं चौकोनी.

बाईंनी पलंगावर पर्स उपडी केली. चष्मा, किल्ल्या, गोळ्यांचं पाकीट, रुमाल, तीन बटणं. पण नमुन्याची जोडी आपण पर्समध्ये परत ठेवली की टेबलावरच राहिली? आणि पर्समध्ये आधीची जुनी बटणं नव्हतीच, असं कुणी सांगावं? या घरात बटणं कुठे निघत नाहीत? सुनेला एकदा ती साखरेच्या डब्यात सापडली होती.

"आई, काय शोधताय?" सुनेने दारातून विचारलं.

"काही नाही. समज, रविवारी माझ्या हातून 'नाही' पडलं असेल तर?"

सून हसायलाच लागली. "तुमच्या हातून? अहो आई, सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ. अख्खा जन्म त्यात घातलात तुम्ही."

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या, पण त्यांना जे म्हणायचं होतं ते हे नव्हतं.

म्हणायचं होतं ते वेगळंच, आणि ते गेली दोन वर्षं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या बोटांना कळेनासं झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, साखरेमुळे नसा थकल्यात, जपा. बाईंनी जपलं म्हणजे लपवलं. ब्लाऊजला हुकाऐवजी चेन लावून घेतली. नाणी द्यायची वेळ आली की सगळी तळहातावर ठेवून दुकानदारासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "घ्या तुम्हीच, तुमच्यावर विश्वास आहे." लोकांना वाटे, किती मोठं मन. डोळ्यांसमोर असेल ती वस्तू त्या बरोबर उचलत. पण कोटाच्या बाहीत डोळे जात नाहीत. तिथे त्या दोन बटणांवर बोटं फिरवत राहिल्या होत्या, आणि दोन्ही बटणं सारखीच लागली होती, म्हणजे लागलीच नव्हती. मागे रांग होती. एवढं काय, हे असेल गोल, असं मनाशी म्हणून त्यांनी एक सोडून दिलं होतं.

सोमवारी त्यांची खात्री झाली की आपण 'नाही'च टाकलं. मंगळवारी चहा पिताना वाटलं, छे, सवयीचा हात आहे, तो चुकणार नाही. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारखं झालं. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. उरलेली बटणं लोक आठवडाभरात जिन्यातल्या डब्यात परत टाकतात. बाकीची चव्वेचाळीस आली की मोजायची. पंचेचाळिसावं कोणतं, ते वजाबाकी सांगेल. बाई बुधवारी सकाळपासून जिन्यात खुर्ची टाकून बसल्या. येणारे-जाणारे म्हणाले, बाईंची शिस्त बघा. गुरुवारी दुपारी त्यांनी डबा उघडला. बटणं निघाली एकेचाळीस. त्यातलं एक पितळी होतं, एक कोटाचं, आणि एक बटण नव्हतंच, खोकल्याची गोळी होती. वजाबाकीने हात टेकले.

गुरुवारी चार वाजता त्या वाचनालयामागच्या शेडमध्ये गेल्या. दाराशी भिजवलेल्या वेताची टोपली, आत नऊ खुर्च्यांचे नऊ सांगाडे, आणि प्रत्येकावर कुणीतरी वाकलेलं. टिंब मधोमध जमिनीवर बसून पट्टी ओढत होती. ऐकू न येणारा गृहस्थ तिच्या गुडघ्यावर टिचकी मारून बाई आल्याचं सांगून गेला.

"बाई, बसा. डाव्या हाताची विणून झालीय, तिच्यावर बसा."

बाई बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "टिंब, समज, मतदानात कुणाच्या हातून चुकून भलतंच बटण पडलं असेल, तर?"

टिंबचे हात थांबले नाहीत. "पडलेलं बटण पडलं. तुमचाच नियम."

"पण चुकून?"

"बाई, तुम्हाला आठवत नाही." टिंब हसली. "सहावीत सहलीचं मतदान होतं. माझ्या बोटाला कापलेलं, पट्टी होती. मला गोल-चौकोन लागलंच नाही. भलतंच पडलं. मी तुमच्याकडे आले आणि म्हटलं, बाई, माझ्या बोटाला पट्टी होती. तुम्ही म्हणालात, मग आधी हात वर करायचा होतास."

त्यांनी आठवून आठवून पाहिलं. सहल आठवली, बस आठवली, कुणाला ओकारी झाली तेही आठवलं. टिंबची पट्टी काही आठवेना.

"मी असं म्हणाले?"

"बरोबरच म्हणालात. मी घरी जाऊन रडले, पण बरोबरच होतं. नियम माझ्यासाठी मोडला असतात, तर मुलांनी पुन्हा मला वेगळं काढलं असतं." तिने हात पुढे केला. "जरा उठवा मला. पायाला मुंग्या आल्यात."

बाईंनी तिला हात दिला. टिंब उठली, पण हात सोडला नाही. तिचं बोट बाईंच्या अंगठ्यावर एका जागी थांबलं.

"हे कधी भाजलं?"

"कुठे?"

बाईंनी खाली पाहिलं. अंगठ्यावर चांगला बोराएवढा फोड होता. मंगळवारचा चहा असेल, त्यांना वाटलं. टिंबने हात हलकेच सोडला आणि वेताच्या टोपलीकडे वळली, आणि बाईंना कळेना की तिला कळलं की नाही कळलं.

घरी येताना त्यांचा गोंधळ दुप्पट झाला होता. सांगितलं, तर लोक म्हणतील, बाई हरल्या म्हणून रडीचा डाव खेळतात. आणि खरंच तसं नाही कशावरून? खोली मिळाली असती, तर त्या बोलल्या असत्या का? नाही सांगितलं, तर नऊ माणसं खिडकीशी. नियम मोडावा, तर ज्या मुलीसाठी मोडला नाही, तिच्यासमोर आता स्वतःसाठी कोणत्या तोंडाने मोडायचा? अडतीस वर्षं त्या इतरांना कसं वागायचं ते सांगत आल्या होत्या. आता स्वतःला काय सांगावं, ते काही केल्या सुचत नव्हतं. बाईंना स्वतःचा राग आला आणि थोडी लाजही वाटली.

पुढच्या रविवारी नोंदवहीवर सह्या व्हायच्या होत्या. एकदा सह्या झाल्या की निर्णय कायम. हॉलमध्ये पंचेचाळीस घरांची माणसं बसली. सेक्रेटरीने मागच्या सभेचा वृत्तांत वाचला, पेनाचं टोपण उघडलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाची काही हरकत?"

बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी ठरवलं होतं, की बोलायचं नाही. मग त्यांचा हात वर गेला. टेबलामागे राहून इतरांचे हात मोजण्यात जन्म गेलेला; आपला हात कोपरातून ताठ करावा की नाही, हेही त्यांना नीट माहीत नव्हतं.

"बोला बाई."

"मला कळत नाही, मी काय मत दिलं," बाई म्हणाल्या.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

"माझ्या बोटांना दोन वर्षं स्पर्श कळत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. मला लाज वाटत होती. गेल्या रविवारी बाहीत माझ्या हाताला दोन्ही बटणं सारखी लागली आणि मी अंदाजाने एक टाकलं. ते हो असेल, नाही असेल. मी आठवडाभर शोधतेय, मला सापडत नाही."

सेक्रेटरी पाठीमागे हात बांधून उभा राहिला. "बाई, तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण पडलेलं बटण पडलं. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. अर्धं शिकवलं. जमत नसेल त्याने हात वर करावा, हे शिकवलं. आणि वर करायला किती कठीण असतं, ते मला आज या वयात कळलं. सहावीतल्या एका मुलीच्या बोटाला पट्टी होती. तिला मी म्हटलं, आधी सांगायचं होतंस. ती अकरा वर्षांची होती. मी शहात्तर वर्षांची आहे आणि मला दोन वर्षांत सांगता आलं नाही." बाई मागे वळल्या. "टिंब, मी चुकले. फार उशिरा सांगतेय."

टिंब चौथ्या रांगेत होती. तिने मान खाली घातली आणि ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

तेवढ्यात मागून एक हात वर झाला. तळमजल्याचे ड्रायव्हरकाका, बस चालवून निवृत्त झालेले. "आता निघालंच आहे म्हणून सांगतो. मला अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात नावाला आहे. मीही त्या दिवशी असंच टाकलं. बाईंसमोर काय सांगायचं म्हणून गप्प बसलो."

मग पहिल्या मजल्याच्या आजी म्हणाल्या, "मला वाटलं, गोल म्हणजे नाही. परीक्षेत गोल मिळतो तो नाहीच असतो ना?"

"आजी, तीन वेळा सांगितलं होतं," सेक्रेटरी म्हणाला.

"ऐकू कुठे येतं मला? सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली."

आणखी एक हात वर झाला, आणखी एक. सेक्रेटरीने पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "म्हणजे मग नक्की ठरलं काय आपलं?"

पंचेचाळीस घरं एका छताखाली राहत होती, आणि त्यांना नक्की काय हवं आहे, ते त्यांच्यातल्या एकालाही सांगता येत नव्हतं. सगळे बाईंकडे बघायला लागले. असं झालं की बाई काहीतरी मार्ग काढतात, याची सर्वांना सवय होती.

"माझ्याकडे बघू नका," बाई म्हणाल्या. "कसं विचारायचं ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," टिंब म्हणाली. ती उठून रांगेतून खुर्च्यांच्या पाठी मोजत पुढे आली. "बोटांना कळत नसेल, तर दंडाला कळेल. वजन घ्या. हो जड, नाही हलकं. समोरच्या दुकानातून बटाटे आणा आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. बटाटा म्हणजे हो, चिमटा म्हणजे नाही. एका पोत्यातले आणा, म्हणजे कुणाचा कुठला ते ओळखू येणार नाही. टेबलावर चादर टाका, खाली दोन बादल्या. एकीत मत, दुसरीत उरलेलं. कुणाला तेही जमणार नसेल, तर त्याने स्वतः सांगावं, त्याला कोण सोबत हवं. आणि आजींना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या."

"बटाटा पडला की धप्पकन आवाज होईल," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"होईल. आणि कुणी काय टाकलं, ते मला एकटीला सगळं कळेल," टिंब म्हणाली. "म्हणून बादल्यांत टॉवेल घाला."

टॉवेल घातले. टिंबने दोन्ही बादल्यांत एकेक बटाटा टाकून, कान लावून पाहिलं आणि आणखी एकेक टॉवेल मागितला. पुन्हा मत घ्यायचं का, यावर सेक्रेटरीने आधी हात वर करायला सांगितले. हरकत घेणारे चौघंच निघाले, आणि त्यांची नावं नोंदवहीत नीट लिहिली गेली. बाईंचा नंबर आठवा आला. एका हातात बटाटा, एका हातात चिमटा घेऊन त्यांनी चादरीखाली हात घातले. बोटांना काहीच लागत नव्हतं, पण उजवा हात खाली ओढला जात होता. त्या तिथे जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मागे रांग होती. या वेळी त्यांनी रांगेची पर्वा केली नाही.

सेक्रेटरीने बादली टेबलावर उपडी केली. बटाटे सत्तावीस. चिमटे अठरा. मधल्या आठवड्यात लोकांची मनं बदलली होती की गेल्या वेळची बोटंच चुकली होती, कुणालाच सांगता आलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. सेक्रेटरीने बटाटे पुन्हा एकदा मोजले. मग त्याने खोलीची किल्ली खिशातून काढून टिंबच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "दाराचा उंबरा काढायला हवा. चाकाच्या खुर्च्या अडतील."

सभा पांगली. बाई आणि टिंब एकमेकींचा हात धरून जिना चढायला लागल्या. पूर्वी हात कोणी कोणाचा धरला आहे, ते पाहणाऱ्याला सांगता येई. आज तसं सांगता येत नव्हतं. पहिल्या वळणावर टिंब म्हणाली, "बाई, एक विचारू? आज काय टाकलंत?"

ते सांगायचं नसतं, हे बाईंनी अडतीस वर्षांत हजारो मुलांना बजावलं होतं. आधीच्या रविवारी आपण काय टाकलं, ते तर त्यांना पुढेही कधी कळलं नाही. त्या आणखी दोन पायऱ्या चढल्या.

"बटाटा," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"दंड अजून दुखतोय."

टिंब हसली. मग बाईंचा हात जरा वर उचलून म्हणाली, "पायरी, बाई."